ठरावाखालची सही

नात पुण्यात एमबीए करते. वर्गातल्या शिकवण्यावर तिथं कुणाचा फारसा विश्वास नसावा, कारण शनिवार-रविवार ती दुसरंच काही शिकत असते. कधी लुटुपुटीची मुलाखत, कधी गटचर्चा, कधी समोरच्याशी हात कसा मिळवायचा याची कार्यशाळा. यंदा म्हणाली, "आजी, लाइव्ह प्रोजेक्ट आहे. अभ्यासक्रमात नाही, पण त्याच्याशिवाय कंपन्या विचारत नाहीत." विषय तिनं घरचाच घेतला: राहूतली आमची बायकांची दूध संस्था. पस्तिशीत मी तिची चेअरमन होते.

चेअरमन म्हणजे काय होते, ते सांगते. संस्था बायकांची, पण सभा पुरुषांची. ते पारावर बसून ठराव करायचे आणि मग प्रोसिडिंग बुक आमच्या सह्यांसाठी घरोघर फिरायचं. माझ्याकडं ते स्वयंपाकघरात यायचं. पिठाचे हात पदराला पुसून मी झोकात सही ठोकायची. खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. ती बसवायला पोरांच्या जुन्या वह्यांची पानंच्या पानं भरली होती. दहावी पास, चेअरमन, शिवाय टिंबवाली सही. माझ्या मते तालुक्यात माझ्या तोडीची बाई नव्हती. सहीच्या वर काय लिहिलंय ते वाचावं, हे माझ्यासारख्या शहाणीच्या डोक्यात कधी आलं नाही.

संस्थेत दूध तपासायला होती ती माझी मैत्रीण. दोघी केंदूरच्या, दोघी राहूत दिलेल्या. एका सकाळी तिनं आमच्या थोरल्या दिरांचं दूध पाणी घातलंय म्हणून परत केलं, अख्ख्या रांगेदेखत. आठवड्याच्या आत तिला कामावरून काढल्याचा ठराव झाला. कारण लिहिलं, तपासणीत फेरफार. खाली माझी सही, दोन्ही टिंबांसकट.

दुसऱ्या दिवशी ती दारात उभी राहिली. आत ये म्हटलं, आली नाही.

"ठराव वाचला व्हतास का गं?"

वाचला नव्हता. पण न वाचता सही करते, हे चेअरमनबाईंनी कबूल कसं करायचं? मी म्हणाले, "व्हय, वाचलाय की."

ती आल्या पावली परत गेली. पुढं गावातूनही गेली, कवठे येमाईला लेकीकडं. तिथंच वारली. मी मातीलाही गेले नाही.

तेव्हापासून ती येते. हसा खुशाल, मीही आधी हसायचे. बँकेचा कागद समोर आला, गॅसचा आला, की दारात कुणी उभं आहे असं वाटतं. सून म्हणते, वारं लागतं तुम्हाला, दार लावते. दार लावलं की ते माणूस बाहेर ताटकळतंय असं वाटतं, ते त्याहून वाईट.

तर नातीनं संस्थेच्या कपाटातलं जुनं बुक काढलं आणि एका रविवारी लॅपटॉप माझ्या पुढ्यात ठेवला. पडद्यावर माझ्या मैत्रिणीचं नाव. वर मथळा: कर्मचाऱ्याचा गैरव्यवहार आणि अध्यक्षांचा धाडसी निर्णय.

"तुझंच कौतुक केलंय, आजी. परवा सादरीकरण आहे. परीक्षक कंपन्यांतले असतात."

मी दाराकडं पाहिलं. नुसतं ऊन होतं. पुन्हा एकदा पाहिलं. मग तिला सगळं सांगितलं.

तिचा चेहरा उतरला. "मग ती स्लाइड काढूनच टाकते."

"काढलीस तर बुकातलंच खरं राहील. मेल्यावर बी ती लबाडच."

"आजी, गटात आम्ही चौघं आहोत. खरं लिहिलं तर सगळ्यांचं नुकसान होईल." नंतर स्वतःच म्हणाली, "पण तिच्या घरी विचारल्याशिवाय मी एक अक्षर लिहिणार नाही. उद्या जाऊ."

शिरूरवरून कवठ्याला गेलो. मैत्रिणीची लेक आता पन्नाशीची. तिला मी सगळं सांगितलं. दारात खोटं बोलले, तेही.

"मावशी, तुम्ही वाचलं न्हवतं, हे आईला ठाव व्हतं," ती म्हणाली. "ती म्हनायची, ह्या बयेला पहिल्यापासनं वाचायचा कटाळा, सही तेवढी झ्याक."

मला हसू फुटलं. तीही हसली. मग म्हणाली, "तुमच्या तोंडून न्हाई वाचलं एवढं ऐकायचं व्हतं तिला. मंग ती सोता जानार व्हती तुमच्या दिरांशी भांडायला. तुम्ही व्हय म्हनलात, आन् तिचं बळच गेलं."

नातीनं विचारलं, "लिहू का मी हे?"

"लिवा. पुरं नाव घाला. पर तिला बिचारी करू नका. दूध परत करनारी म्हनून लिवा."

नातीनं तसंच लिहिलं. परीक्षकांनी विचारलं, यातून व्यवसायानं काय घ्यायचं? गटाचा नंबर आला नाही. बाकीची तिघं दोन दिवस तिच्याशी बोलली नाहीत.

मला वाटलं होतं, आता मैत्रीण दारात यायची थांबेल. थांबली नाही. हल्ली तर कागद नसतानाही येते.

अहवालाची एक प्रत नातीनं कवठ्याला पाठवली. लेकीचा फोन आला. "मिळाला, मावशी. पोरांना वाचून दावला."

"माझं लिवलंय, ते बी?"

"ते बी."

तिकडं कुणीतरी भांडी घासत होतं. तिनं फोन ठेवला नाही, म्हणून मी ऐकत राहिले.