बहुमतानं उडवलेली तीनशे वर्षं

ओब्दुलिया पेद्रोसोनं वळलेल्या चिरुटात सूतभर वाकडेपणा सापडायचा नाही. तो सगळा तिनं जिभेसाठी राखून ठेवलाय. हे मी अधिकारानं सांगतो, कारण आमच्या बेटावरच्या पिनार देल रिओ गावात, चिरुटांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं तिच्या उजव्या कोपराला मी बसतोय.

शाळा तिनं सहावीत सोडली, पण जगाचा इतिहास तोंडपाठ. त्याला कारण आमचा वाचक. दीडशे माणसं मान खाली घालून पानं गुंडाळतात आणि वाचक उंच खुर्चीवरून सकाळी वर्तमानपत्र, जेवणानंतर पुस्तक वाचतो. पुस्तक आम्ही हात वर करून निवडतो. मजकूर आवडला तर पान कापायचं पातं बाकावर बडवायचं, नाही आवडला तर फरशीवर आपटायचं. ओब्दुलिया तर काळही चिरुटांत मोजते.

"शंभर वर्षांचं युद्ध? नऊशे चिरूट," ती सांगते. "त्या चिलखतातल्या पोरीला जाळलं तेव्हाचे चाळीस रडून भिजले. ते तपासनिसानं परत पाठवले, मेल्यानं."

यंदा वाचक एव्हारिस्तोमास्तर निवृत्त व्हायचे होते. खुर्चीसाठी ओब्दुलियानं नाव दिलं. अट एकच: नववीचा दाखला. संध्याकाळच्या शाळेत तिनं गणितसुद्धा धक्के मारत काढलं. राहिला इतिहास, मध्ययुगापासून आजपर्यंत. तो तर घरचाच, म्हणून तिनं सराव परीक्षेआधी वहीही उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी शिक्षिका नेरेइदा पेपर घेऊन कारखान्याच्या दारात उभी.

"ओब्दुलिया मावशी, शंभर वर्षांचं युद्ध संपलं आणि लगेच वाफेचं इंजिन?"

"माणसं कमी उरली होती, बाळ. यंत्र लागणारच."

"आणि कोलंबस कुठाय?"

"तो इकडे आला होता. इकडच्या गोष्टींचं जगाच्या इतिहासात काय काम?"

"मग आपण स्पॅनिश का बोलतो?"

"आई बोलायची म्हणून!"

नेरेइदानं कपाळाला हात लावला. मी मात्र खाली बघत राहिलो, कारण मला सगळं माहीत होतं. कारखान्यातल्या इतिहासाचे खंड तीन. पहिला शंभर वर्षांच्या युद्धापाशी संपतो, तिसरा इंजिनापाशी सुरू होतो. मधला कधी वाचलाच गेला नाही. एकवीस वर्षांपूर्वी त्याची पाळी आली तेव्हा एका बाईनं बाकाबाकांवर प्रचार केला होता, "तीनशे वर्षं नुसती जहाजं आणि दाढ्या! त्यापेक्षा प्रेमकथा घ्या!" आणि सगळ्यात आधी पातं फरशीवर आपटलं होतं. ती बाई म्हणजे ओब्दुलियाच.

आता परीक्षेला पाच आठवडे उरले होते. तिला वाचता उत्तम येतं, पण हात तंबाखूत असल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नाही. म्हणून तिनं दुसऱ्या खंडाचा ठराव मांडला. नेमकी आमची कादंबरी रंगात आलेली. विधवा घोड्यांच्या डॉक्टरला हो म्हणणार की नाही, यावर कारखाना टांगलेला.

"आधी विधवेचं लग्न लागू दे," समोरच्या बाकावरचा एर्मिनिओ म्हणाला, "मग तुझ्या दाढ्या."

ठराव पडला. बाजूनं नऊ मतं. त्यातलं एक माझं, कारण तिचं कोपर माझ्या बरगडीत होतं.

शुक्रवारी तिनं कादंबरीची शिवण उसवलीय म्हणून ती दुरुस्तीला घरी नेली. सोमवारी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं ती माझ्या कानात म्हणाली, "बिचारी विधवा! नदीत बुडाली रे. आणि त्या घोडेवाल्यानं महिन्यात तिच्या बहिणीशी लग्न लावलं."

दीडशे पाती फरशीवर पडली.

"ओब्दुलिया, देव तुला विचारील!" एर्मिनिओ ओरडला.

"विचारू दे की. पेपर झाल्यावर."

मेलेल्या विधवेसाठी कोण थांबणार? दुपारी दुसरा खंड मंजूर झाला.

आणि दाढ्यांनी कमाल केली! एका इंग्रज राजानं सहा लग्नं करून दोघींची मुंडकी उडवली, तेव्हा एर्मिनिओच्या हातून चिरूट दोनदा उलटा वळला गेला. मग साखरेच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसं जहाजांत कोंबून आणली, ते प्रकरण आलं. त्या दिवशी एकही पातं वाजलं नाही, बाकावर नाही की फरशीवर नाही. आमच्यातल्या निम्म्यांचे खापरपणजे त्या पानांत होते. हातातलं पान खाली ठेवून ओब्दुलिया हळूच म्हणाली, "हे मी उडवलं होतं होय?" मी पहिल्यांदाच तिला चिडवलं नाही.

तिला शंभरात चौऱ्याहत्तर मिळाले. कोलंबसावर तिनं चार पानं लिहिली, त्यातली दीड शिव्यांची. नेरेइदानं त्यांचेही गुण दिले.

मग खुर्चीचं मतदान, तेवढं चिठ्ठ्यांनी होतं. ओब्दुलियानं नमुन्याच्या वाचनाला तेच जहाजांचं प्रकरण निवडलं आणि सावकाश, एकही शब्द न गाळता वाचलं. चिठ्ठ्या एर्मिनिओनं मोजल्या. बाजूनं एक्क्याऐंशी, विरुद्ध एकोणसत्तर.

"खुर्ची तुझी," तो म्हणाला, "पण विधवेला आम्ही विसरलो नाही. पुस्तकं कपाटात राहतील, किल्ली माझ्याकडे. वाचकानं शेवटची पानं घरी न्यायची नाहीत."

"कबूल," ओब्दुलिया खुर्चीवर चढत म्हणाली. बसली, झगा सारखा केला आणि एकेका बाकावरून सावकाश नजर फिरवली. "इथून सगळे किती स्वच्छ दिसतात! आता ते एकोणसत्तर कोण, ते आपणहून सांगताय, की मी एकेकाचं तोंड वाचू?"