उसाच्या रुळांचा घाट

माझ्या आईला गाडी लागायची. स्टँडवरच्या डिझेलच्या वासानंच तिचा चेहरा उतरायचा, गाडी हलली की ती लिंबू नाकाशी धरायची आणि पहिल्या वळणाला लिंबूही हात टेकायचं. कुणी सांगितलं म्हणून तिनं पोटाला वर्तमानपत्र बांधून पाहिलं, आवळासुपारी चघळून पाहिली. एक सल्ला मात्र सगळ्यांचाच असे : डोळे गच्च मिटून, पदर तोंडावर घेऊन आडवी हो. ती आज्ञाधारकपणे आडवी व्हायची आणि आज्ञाधारकपणे ओकायची.

यात हसण्यासारखं बरंच होतं आणि आम्ही हसायचो. पण तिचं माहेर भंडारदऱ्याकडे, अकोल्याच्या डोंगरात. आमचा साखर कारखाना खाली सपाटीवर, कालव्याच्या कडेला. मधे संगमनेर, अकोले, राजूर, आणि राजूर सोडलं की वळणंच वळणं. लग्न होऊन ती खाली आली ती बैलगाडीतून. बैलगाडी तिला कधी लागली नाही. गाडीवानाच्या मागेच बसून ती बैलांच्या शिंगांमधून रस्ता बघत आली, असं ती सांगायची. एसटीनं ती माहेरी एकदाच गेली, आणि त्या एका प्रवासात तिची जी दशा झाली त्यानंतर पुन्हा गेली नाही. म्हणून दर दिवाळीला तिची थोरली बहीण, आमची मावशी, नवा तांदूळ आणि खुरासणीची चटणी घेऊन खाली यायची. आईच्या लहानपणीच तिची आई गेली होती. आईला वाढवलं ते मावशीनं. जाताना मावशी म्हणायची, "आता तू ये." आई म्हणायची, "येईन." दोघींनाही ठाऊक असायचं की हे 'येईन' नुसतं बोलायचं.

त्या वर्षी मावशी भाताच्या बांधावरून पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. निरोप आला की आता ती खाटेवरच, पुन्हा गाडीत बसणं व्हायचं नाही. आईनं निरोप ऐकला आणि भाकरी थापत राहिली. भाकरी करपली तरी तिच्या लक्षात आलं नाही. मी नगरच्या कॉलेजातून उन्हाळ्याच्या सुटीला आले होते. मला तिचा राग आला, कारण उपाय साधा होता : गाडीत बसायचं, ओकायचं, पोचायचं. तसं मी बोललेही. आई म्हणाली, "तू बस की माझं पोट घेऊन." त्यावर माझं डोकं आणखी तापलं.

आता आमच्या वडिलांचं, आप्पांचं, सांगायला हवं. ते कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. पूर्वी शेतातला ऊस कारखान्यात यायचा तो छोट्या रुळांवरच्या डब्यांतून. पुढे ट्रॅक्टर आले आणि ते रूळ गंजत पडले. आप्पांना त्यांचं फार वाईट वाटायचं. मिल बसवायला आलेल्या एका बाहेरच्या इंजिनिअरनं त्यांना एक परदेशी कॅलेंडर दिलं होतं. त्यातल्या एका पानावर जत्रेच्या मैदानासारखं मैदान, त्यात लोखंडी टेकड्या, टेकड्यांवरून धावणारी गाडी आणि गाडीत हात वर करून बसलेली माणसं. तो महिना कधीच संपला, तरी आमच्या भिंतीवरचं ते पान काही उलटलं नाही.

त्या इंजिनिअरनं त्यांना सगळी हकिगत सांगितली होती. थंड मुलखात लोक आधी लाकडी चौकटीवर बर्फ थापून घसरगुंड्या करत. मग बर्फाऐवजी चाकं आली. मग लाकडाच्या मोठमोठ्या टेकड्या झाल्या, पण लाकूड कुरकुरतं, कुजतं, आणि हवं तसं वळत नाही. शेवटी कुणीतरी पोलादी नळ्या वाकवून रूळ केले आणि गाडी वाटेल तिथे वळायला मोकळी झाली. आप्पा हे पुराण सांगावं तसं सांगायचे. म्हणायचे, "पहिल्याच टेकडीला इंजान लागतं बघ. एकदा वर न्यायाचं आन सोडून द्यायाचं. फुडचं समदं उताराच्या जिवावर. म्हनून फुडची टेकडी आदीच्यापरीस बुटकी पायजे, कारन रूळ आन वारा आपापला वाटा खात्यात."

वैशाखात भैरोबाची यात्रा असे. गाळपाचा हंगाम तोवर उरकलेला असे आणि वर्कशॉप जरा मोकळं असे. त्या वर्षीच्या यात्रेत चित्रातल्यासारखी टेकडी उभारायची म्हणून आप्पांनी कारखान्याकडून मोडीतले रूळ मागून घेतले, जुन्या बॉयलरच्या नळ्यांचे खांब केले, आणि ऊस मिलमध्ये ओढून नेणाऱ्या गव्हाणीची जुनी साखळी पहिल्या चढावर बसवली. साखळीला विहिरीवरचं ऑइल इंजिन जोडलं. साखळी तुटली तर गाडी मागे येऊ नये म्हणून विहिरीच्या रहाटाला असतो तसा खटका लावला. वर जाताना तो खट्-खट् वाजायचा. जोडकाम त्यांच्या जुन्या दोस्तानं केलं. तो नगरचा मुसलमान वेल्डर, आम्ही त्याला चाचा म्हणायचो. चाचाला ही कल्पना पहिल्यापासून मान्य नव्हती तरी त्यानं कामाचा एकही दिवस चुकवला नाही.

"जलमभर मशिनीतनं साखर काडली," आप्पा म्हणायचे. "आता आशी एक मशिन करायाची की तिच्यातनं काय बी निघू नये."

"काय बी न निघनारी मशिन घरात हाय की," आई माझ्याकडे बघून म्हणायची. मी खाटेवर वाचत पडलेली असायची.

पहिल्या चाचणीला उसाच्या जुन्या डब्यांची केलेली गाडी रिकामीच सोडली. दुसऱ्या टेकडीच्या माथ्यावर ती मजेत उडाली आणि ज्वारीच्या धसकटात जाऊन पडली. चाचा वेल्डिंगची काच डोळ्यांवरून वर करून आप्पांकडे बघत राहिला. उसाचे डबे हळू चालत, त्यांना कधी उडावं लागलं नव्हतं. मग आप्पांनी रुळाला खालूनही धरणारी चाकं बसवली. म्हणजे गाडी खाली दबली तरी रुळावर आणि वर उचलली तरी रुळालाच. दुसऱ्या चाचणीला साखरेच्या पोत्यांत वाळू भरून ती बाकांवर बांधली. गाडी माथ्यावर उडाली नाही, पण मोठ्या वळणावर सगळी पोती सुतळ्या तोडून बाहेर पडली.

आई भाकरी घेऊन आली होती आणि बांधावर उभी राहून हे बघत होती. म्हणाली, "माझं पोट आसंच जातं."

आप्पा वैतागलेले होते. "काय?"

"राजूरच्या म्होरं. वळनाला माझं पोट भाइर जातं, तुमची पोती गेली तशी. पन समद्या वळनाला न्हाई. रस्ता भाइरच्या अंगाला कलला की जातं, आतल्या अंगाला कलला की जात न्हाई."

त्या प्रवासात तिनं सगळा वेळ डोळे मिटलेले होते. तरी त्या रस्त्याचा कल न कल तिच्या पोटात राहिला होता. आप्पांनी एकदा रुळाच्या वळणाकडे पाहिलं. मग भाकरी तशीच ठेवून उठले आणि चाचाला म्हणाले, "भाइरचा रूळ उचल." पुढचे काही दिवस वळणावरचा बाहेरचा रूळ वर चढत गेला, आणि पोती जागची हलेनात. आप्पा घरी आले की जमिनीवर खडूनं रूळ काढून आईला विचारायचे, आन हितं काय हुईल, आन तितं? आई भाजी चिरता चिरता पोटावर हात ठेवून विचार करायची. त्यांना इतकं एकमेकांशी बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला ते फार आवडलं. पुस्तक उघडं ठेवून मी त्यांचंच ऐकायची.

नाव आप्पांच्या मनात काहीतरी भारी होतं, पण लोकांनी विचारलंच नाही. सगळे त्याला 'घाट' म्हणू लागले.

यात्रेच्या दिवशी सकाळी पंच आले. आकाशपाळणा, कुस्त्यांचा फड, रेवड्यांची दुकानं, सगळं लागलेलं होतं, आणि गर्दी मात्र घाटाभोवती. पंचांतल्या एका म्हाताऱ्यानं चारी बाजूंनी घाट न्याहाळला आणि आप्पांना म्हणाला, "काम झ्याक हाय. पन पैल्यांदा तुमच्या घरचं मानूस बसवा. मंग गावाची पोरं बसतील."

यात गैर काही नव्हतं. पण आप्पांना स्वतः बसता येईना, कारण शेवटी गाडी थांबवायचा लांब दांडा त्यांच्याच हाताला सवयीचा होता. मी लगेच पुढे झाले. पंच म्हणाला, "पोरगी नगं. लग्नाची हाय. हातपाय मोडला तर कोन करनार?"

मी म्हणाले, पाय मोडला तरी मला परीक्षा देता येते आणि लग्नाचं माझं मी बघीन. आणखीही बरंच म्हणाले. आप्पांनी नुसतं "बास" म्हटलं, आणि सगळ्यांची नजर आईकडे गेली. ती यंत्राची पूजा करायला हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली होती.

ती नाही म्हणेल याची मला खात्री होती. तिनं टेकडीकडे पाहिलं, मग आप्पांकडे.

"नीट थांबवाल न्हवं?"

"थांबवीन."

तिनं ताट माझ्या हातात दिलं आणि पदर कमरेला खोचला. मी घाईनं ताटातलंच लिंबू तिच्या हातावर ठेवलं. ती पुढच्या बाकावर बसली तेव्हा आप्पा वाकून म्हणाले, "डोळं मिटू नगंस. कुटं धक्का बसतो ते मला कळाया पायजे. पोतं सांगत न्हाई, तू सांगशील."

पट्टा बांधला, समोरची दांडी धरायला दोन्ही हात लागले, तेव्हा तिनं लिंबू मला परत दिलं. इंजिन सुरू झालं. खट्-खट् करत गाडी वर चढली. मी ताट घेऊन गर्दीतून वळणाकडे सरकले. माथ्यावर आई क्षणभर आभाळात एकटी दिसली, ताठ. मग गाडी सुटली. खाली, वर, पुन्हा खाली, आणि वळणावर ती आतल्या बाजूला कलली तेव्हा तिचा चेहरा मला समोरून दिसला. डोळे टक्क उघडे होते. शेताच्या बांधावरून साप बघावा तशी ती रुळांकडे बघत होती.

आप्पांनी दांडा ओढला, चाकांना घासणाऱ्या लाकडी ठोकळ्याचा जळका वास आला आणि गाडी थांबली. आई उतरली. मी धावत गेले, तिला धरायला. ती धरून घेईना.

"दुसऱ्या उतरनीच्या तळाला धक्का बसतो, डाव्या अंगाला," ती आप्पांना म्हणाली. "तेवढं बगा." मग जणू कुणाची तरी चुगली सांगावी तशी हळू आवाजात : "आवो, मला काय बी झालं न्हाई."

आप्पांनी डाव्या अंगाचा सांधा बसवला आणि दिवसभर गावाची पोरं ओरडत घाट उतरत राहिली. आई बांधावर बसून होती. दुपारी मी तिच्यासाठी उसाचा रस घेऊन गेले तर ती रडत होती. मला वाटलं आता भीती बाहेर पडतेय. ती म्हणाली, "समद्यांनी डोळं मीटच म्हनून सांगितलं गं. येकानं बी उघड म्हनलं न्हाई." ग्लास तिनं बाजूला ठेवला. "संगमनेरची गाडी किती वाजता हाय?"

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, यात्रा नावापुरती झाली, आणि घाटाचे खांब उपटून गुरांच्या छावणीला छप्पर केलं. आप्पांनी ते स्वतःच्या हातानं उपटले. त्यांना त्याचं दुःख झालं असेल, पण त्यांनी ते दाखवलं नाही. घाटाच्या त्या पहिल्या वर्षी यात्रा उरकल्यावर दुसऱ्याच दिवशी मी आणि आई स्टँडवर उभ्या होतो, हे मात्र त्यांनी पुढे सगळ्या पाहुण्यांना सांगितलं.

अकोल्याहून वर जाणाऱ्या गाडीत आई थेट ड्रायव्हरजवळ गेली. "मला हितं फुडं बसू द्या. रस्ता बगायचाय."

"आवो मावशी, हितं बायामान्सं बसवत न्हाईत."

"मागं बसवलंत तर समदी गाडी धुवाया लागंल," आई शांतपणे म्हणाली. ड्रायव्हरनं इंजिनाच्या झाकणाशेजारचं बोचकं उचललं आणि जागा केली. राजूर सोडल्यावर मी मागून तिच्या पाठीकडे बघत होते. प्रत्येक वळणाआधी ती किंचित आत कलायची, आणि एकदा तर ड्रायव्हरला म्हणाली, "हळू, ह्यो भाइर कलतोय." तो हसला, पण त्यानं गाडी हळू केली.

मावशीची खाट ओसरीवर होती. खाटेखाली आईसाठी पाण्याचा तांब्या, ओकारीला म्हणून घमेल्यात राख, आणि उशाशी कापून ठेवलेलं लिंबू. आम्ही येतोय हा निरोप सकाळच्या गाडीच्या कंडक्टरनं पोचवला होता. मावशीला उठता येत नव्हतं, तिनं झोपूनच दोन्ही हात वर केले. आई त्या हातांत शिरली.

"लई लागली का गं गाडी?" मावशीनं विचारलं.

"न्हाई."

"खोटं बोलू नगंस."

"न्हाई लागली. रस्ता बगत आले."

मावशीनं तिचा पदर हातात घेऊन चाचपला. कोरडा होता. तिनं तो नाकाशीही नेऊन पाहिला. मग लिंबाच्या फोडी सुनेकडे दिल्या आणि सरबत करायला सांगितलं.

आम्ही चार दिवस राहिलो. निघताना मावशी नेहमीसारखंच म्हणाली, "आता परत ये."

"येईन," आई म्हणाली.

मावशीनं मान वळवून आतल्या सुनेला हाक मारली. सून आमच्या वाकळा घडी करून माळ्यावर टाकायला निघाली होती.

"त्या वर ठिवू नगंस गं," मावशी म्हणाली. "खालीच ऱ्हाऊ दे."