पंचाची मोडलेली बाजू

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. मालकाला नाही. ज्याला सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि यात धाडस काही नाही, हे आधीच मान्य करतो. अनोळखी माणसापुढे खरं बोलणं म्हणजे रिकाम्या मंगल कार्यालयात भाषण ठोकणं. खुर्च्या उठून जात नाहीत, एवढाच फायदा.

मी हिंगोलीतल्या एका लहान कारखान्यात डाय-पंच बनवणारा मिस्त्री होतो. गेल्याच महिन्यात निवृत्त झालो. आमच्याकडे हळदीच्या पॉलिश ड्रमची जाळी तयार व्हायची. हळद शिजवून वाळवली की ती जाळीच्या ड्रमात घालून फिरवतात, साल घासून निघते आणि मळकट कांडी पिवळी होऊन बाहेर पडते. जाळी म्हणजे काय, तर पत्र्याला पाडलेली हजारो भोकं. भोक पाडतो तो पंच — बोटाएवढा पोलादी दांडा. वरून प्रेसचा दणका, खाली डाय — म्हणजे पंचाच्या मापाचं भोक असलेला ठोकळा — आणि मध्ये पत्रा. पंच मी करायचो. प्रेसवर तो बसवून सेटिंग करायचा थावरू राठोड.

थावरू कळमनुरीकडच्या एका तांड्यावरचा. शाळा फार नाही, पण हात असा की डाय जुळवताना त्याला माप लागत नसे. पंच बसवला की तो एक पातळ कागद मध्ये ठेवायचा, प्रेस हातानं हळूहळू खाली आणायचा आणि कापलेली चकती मला आणून दाखवायचा. कागद चारी बाजूंनी सारखा कापला असेल तर सेटिंग बरोबर. एका बाजूनं फाटला असेल तर चूक. कागद खोटं बोलत नाही.

हा कागद लक्षात ठेवा. मला ठेवावाच लागला.

पंचासाठी पोलाद निवडणं हा माझा अभिमानाचा विषय. लोकांना वाटतं, जितकं कडक तितकं टिकाऊ. तसं नसतं. फार कडक केलं तर काचेसारखं तडकतं, नरम ठेवलं तर धार बोथट होते. माणसांचंही असंच असतं, असं वाक्य मी पूर्वी इथे टाकलं असतं. आज नको.

आमच्याकडे दोन जातींचं पोलाद यायचं. एक डी-टू — हट्टी, लवकर न झिजणारं. हंगामभर जाळी मारायची तर तेच हवं. दुसरं ओएचएनएस — जरा मवाळ, लहान कामाला चांगलं. दोन्ही गुणाची. पण भट्टीची आंच दोघांना वेगळी. डी-टूला लागते तेवढी आंच दुसऱ्याला दिली तर ते आतून बिघडतं. बाहेरून काही कळत नाही. वर कानस घासली तर घसरते, म्हणजे कडक झालंय असंच वाटतं. पण आतला दाणा मोठा झालेला असतो, आणि तो पंच कधी फुटेल याचा नेम नसतो.

दोन्ही सळया दिसायला सारख्याच. म्हणून टोकाला रंग असतो. आमच्याकडे डी-टूला लाल, दुसरीला पिवळा. आणि म्हणून नियम असा की सळई कापायची ती बिनरंगाच्या टोकाकडून. रंग शेवटपर्यंत राहिला पाहिजे. हा नियम मीच ऑइलपेंटनं भिंतीवर लिहिला होता, मोठ्या अक्षरात. खाली सही तेवढी केली नव्हती.

आणि लाल टोक मीच कापलं. का? बिनरंगाचं टोक कुणीतरी वेडंवाकडं कापून ठेवलं होतं, ते सरळ करत बसायचा कंटाळा आला. म्हटलं, आठवेल की मला. नियम इतरांसाठी असतो, नाही का? नियम लिहिणाऱ्याला तो पाठ असतो, एवढं पुरतं.

पंधरा दिवसांनी रॅकवर सारख्याच जाडीच्या दोन सळया होत्या. एकीचं लाल टोक मी कापलेलं, दुसरीचा पिवळा रंग तेला-धुळीत केव्हाच गेलेला. आणि मला आठवेना.

इथपर्यंत चूक आहे. चुकीबद्दल मी तुमच्यापुढे आलो नसतो.

त्याच दिवशी कारखाना पाहायला कोणीतरी साहेब आले होते. हार, पेढे, फोटोग्राफर. असल्या समारंभांची मी आयुष्यभर टिंगल केली. नारळ फोडताना साहेबांचा चेहरा कसा होतो, याची नक्कल करून मी थावरूला हसवायचो. मालक साहेबांना माझ्यापाशी घेऊन आले आणि म्हणाले, "आमच्या मिस्त्रीला लॅब लागत न्हाई साहेब. ठिणगी पाहून पोलादाची जात सांगतो."

खरं होतं ते. सळई ग्राइंडरला लावली की ठिणग्या उडतात. डी-टूची ठिणगी आखूड, लालसर, टोकाला फारशी फुटत नाही. दुसऱ्या पोलादाची लांब जाते, उजळ असते, टोकाला तिची फुलं होतात. मी त्या दोनातली एक सळई उचलली आणि चाकाला लावली.

फुलं झाली.

मला दिसलं. हे दोन शब्द लिहायला अकरा वर्षं लागली, म्हणून पुन्हा लिहितो — मला दिसलं. पण मनात मी आधीच तिला डी-टू ठरवून बसलो होतो. 'थांबा, दुसरी लावून बघतो' असं म्हणायला काय लागलं असतं? अर्धं मिनिट. पण साहेब बघत होते, मालक छाती फुगवून उभे होते, आणि मी खणखणीत आवाजात म्हणालो, "डी-टू."

टाळ्या पडल्या. फोटोग्राफर म्हणाला, फोटो हलला, परत एकदा. मी परत सळई चाकाला लावली. परत फुलं झाली. परत मी म्हणालो, "डी-टू."

म्हणजे मी दोनदा पाहिलं. नजर चुकली, असं म्हणायची सोय मी स्वतःच ठेवली नाही.

त्या सळईचे पंच केले. डी-टूची आंच दिली. कानस घासली, घसरली. मनाला म्हटलं, बघ, कडक झालंय, उगाच शंका घेत होतास. हळदीचा हंगाम तोंडावर होता, ड्रमवाले दारात उभे होते. थावरूनं पंच बसवला, कागद कापला आणि चकती माझ्या हातावर ठेवली. "बघा मिस्त्री, चांदावानी कापला." खरंच गोल होता. कुठे एक तूस नाही. मी मान हलवली.

दुपारी जेवणानंतर पंच फुटला. मोडला नाही — फुटला. एक चिपरी थावरूच्या डाव्या डोळ्यात गेली. त्यानं ओंजळीनं डोळा झाकला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "पत्रा सरकला का जी?" बोटांमधून रक्त येत होतं आणि तो पत्र्याचं विचारत होता.

सेफ्टी चष्मे होते. खिळ्याला टांगलेले, तपासणीला कुणी आलं की घालायचे. चष्मा असता तर — हे वाक्य मी अनेक वर्षं वापरलं. पण चष्म्यानं डोळा वाचला असता. पंच का फुटला, ते चष्म्याला कसं माहीत?

लोक त्याला उचलत होते. मी खाली वाकलो आणि पंचाचा उरलेला तुकडा उचलला. आधी तुकडा. हे नीट ऐका — ते माणूस उचलत होते आणि मी तुकडा उचलत होतो. मी मोडलेली बाजू पाहिली. चांगल्या पोलादाची मोड राखाडी असते, रेशमासारखी बारीक. ही साखरेसारखी चमकत होती. मोठा दाणा. बिघडलेलं पोलाद. कारखान्यात हे वाचू शकणारा मी एकटाच होतो. मी तो तुकडा खिशात घातला.

थावरूला जीपमध्ये घालून नांदेडला नेलं. डोळा गेला. संध्याकाळी मालकांनी मला विचारलं, "कशानं झालं?" मी म्हणालो, "सेटिंग हलली असेल."

असेल. पक्कं बोलायचंही धाडस नाही. भित्रा माणूस खोटंसुद्धा अर्धंच बोलतो, उरलेलं ऐकणाऱ्याला करायला लावतो. मालकांनी ते केलं. कागदोपत्रीही तेच गेलं — कामगाराची चूक.

मला वाटलं होतं, थावरू भांडेल. कागद गोल कापला होता, मिस्त्रींनी पाहिला होता, असं म्हणेल. मी त्याची वाट पाहत होतो, खरं सांगतो. तो भांडला असता तर मला बोलावं लागलं असतं. पण दवाखान्यात त्यानं माझा हात धरला. "तुमी म्हणता म्हणजे हललीच असंल, मिस्त्री. कागद बराबर होता. पन नंतर एखादा बोल्ट ढिला ऱ्हायला असंल माझ्याकडून." माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्यासाठी त्या माणसानं स्वतःसाठी एक ढिला बोल्ट तयार केला. मी तिथे बसलो होतो. मी त्याला मोसंबी सोलून दिली.

तो परत प्रेसवर आला नाही. एका डोळ्यानं काम होत नाही म्हणून नव्हे. मालक त्याला घ्यायला तयार होते. तो म्हणाला, "माझ्या हाताचा भरवसा न्हाई आता." तांड्यावर जाऊन शेती करू लागला. तिथेही वखराची पास, म्हणजे खालचं पातं, बसवायची असली तर शेजाऱ्याला हाक मारायचा. ज्याच्या हातानं कागद चांदासारखा कापला, तो माणूस वखराला हात लावायला भीत होता. मी त्याचा डोळा घेतला, ते एका क्षणात. हात मात्र रोज घेत राहिलो — अकरा वर्षं, गप्प बसून.

दर खंडेनवमीला तो कारखान्यात यायचा. झेंडूचा हार घेऊन. आम्ही यंत्रांची पूजा करायचो. तो प्रेसवर डोकं टेकवून माफी मागायचा. मग माझ्या पायाला हात लावायचा. मी माझ्या हत्यारांच्या पेटीला हळदकुंकू लावत असायचो. तो तुकडा त्याच पेटीत होता, खालच्या कप्प्यात, चिंधीत गुंडाळलेला. फेकला का नाही? माहीत नाही. कधीतरी दाखवीन, असं वाटत असावं. 'कधीतरी' हा शब्द फार टिकाऊ आहे. डी-टूपेक्षा.

मागच्या महिन्यात माझा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, आणि भिंतीवर बॅनर: 'पोलादाचा पारखी'. बॅनरवरच्या फोटोत मी झोपेतून उठल्यासारखा दिसत होतो. हसू यायला हवं होतं. मग थावरू उठला. काळा चष्मा, धुतलेलं धोतर. त्याला बोलायचं होतं.

"माझ्या हातानं मिस्त्रीच्या पंचाला डाग लागला," तो म्हणाला. "पन हा मानूस मला कधी एक शब्द बोलला न्हाई. असा मोठा मानूस न्हाई पाहिला."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अगदी तशाच टाळ्या. मी शाल पांघरून उभा होतो, माइक माझ्यासमोर होता. चार शब्द पुरले असते. मी म्हणालो, "सर्वांचे आभार."

आठ दिवसांनी तुकडा रुमालात बांधला आणि कळमनुरीची बस पकडली. फाट्यापासून तांड्यापर्यंत चालत गेलो. वाटेत वाक्य पाठ करत होतो — थावरू, सेटिंग बरोबर होती. एवढंच. लहान मुलाला पाठ होईल असं.

त्याची बायको गमलीबाई दारातच होती. "या, या! आज मिस्त्री वाट चुकले जनू. कारखाना सुटला तवा आमी आठवलो व्हय?" थावरूनं खाट टाकली. मी रुमाल सोडला आणि तुकडा त्याच्या हातात दिला.

"तोच आहे," मी म्हणालो. "मोडलेली बाजू बघ."

त्यानं तो उजेडात धरला. एका डोळ्यानं फिरवून फिरवून पाहिला. मोडीवरून अंगठा फिरवला. "कशी चमकून राहिली जी," तो म्हणाला. "साखरेवानी."

त्यानं पाहिलं. मी पाहिलं होतं तेच पाहिलं. पण त्याला ते वाचता येत नव्हतं. कसं येणार? इतकी वर्षं शेजारी काम करून मी मोड वाचायची विद्या त्याला शिकवली नव्हती. कुणालाच नाही. सगळ्यांना आलं असतं तर पारखी कोण राहिला असता?

"माझी चूक तुमी इतकी वर्सं जपून ठेवली," तो म्हणाला. "दुसरा असता तर फेकून देता."

तो उठला आणि आत गेला. गमलीबाईनं चहा आणून ठेवला. माझ्याकडे बघत राहिली. बायकांना कळतं. "काही बोलाचं व्हतं का, मिस्त्री?"

"नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो."

सेटिंग बरोबर होती. कागद गोल कापला होता. सळई मी चुकीची घेतली, ठिणगी मी दोनदा पाहिली, तुकडा मी लपवला, आणि दाखवायला नेला तेव्हाही गप्प बसलो. तो तांड्यावर आहे. बस रोज जाते. मी पुन्हा गेलेलो नाही.

त्या दिवशी खाटेवरून उठताना मी आत पाहिलं. थावरूनं तुकडा देवाच्या फळीवर ठेवला होता, कुंकवाच्या करंड्याशेजारी, आणि त्याच्यापुढे हात जोडून उभा होता. ओठ हलत होते. मोडलेली बाजू दाराकडे होती. चमकत होती.