ह्यांच्यात एखादीच

मला स्टुलावर उभं केलं होतं. नऊ वर्षांची होते मी. बाबांच्या साहेबांच्या अलीगंजमधल्या घरी गणपती बसला होता. आरती झाली, आणि लखनौतली दहा-बारा मराठी कुटुंबं दिवाणखान्यात बसली. बहुतेक शास्त्रज्ञ, नाहीतर प्राध्यापक. माझे बाबा दाराशी चहाच्या कपांचा ट्रे धरून उभे.

साहेब म्हणाले, "तेवीस गुणिले सतरा?"

"तीनशे एक्याण्णव."

एकानं खिशातून पेन काढून पेपरच्या कडेला गुणाकार केला. मग टाळ्या. कुणीतरी विचारलं, "हिला शिकवलं कोणी?"

"ताईनं."

सगळे हसले. साहेब म्हणाले, "छे हो. असं शिकवून येत नसतं. उपजत असतं. ह्यांच्यात अशी एखादीच निघते."

ह्यांच्यात म्हणजे कोणात, ते मला कळलं नाही. बाबांना कळलं. ट्रेमधले कप वाजले. तरी बाबा हसत होते.

बाकीच्या मुलांनी आत टेबलावर बसून मोदक खाल्ले. ती मुलं साहेबांच्या बायकोला काकू म्हणत. मला मॅडम म्हणायला सांगितलेलं. माझा मोदक मला दारात मिळाला, हातावर.

बाबा अमरावतीकडचे. साहेबांच्याच संशोधन संस्थेत अटेंडंट. प्रयोगासाठी ठेवलेल्या उंदरांचे, सशांचे पिंजरे धुवायचे. आई शेजारणीकडून चिकनकाम शिकली होती, चौक बाजारातून नक्षी छापलेले कुर्ते आणून घरी टाके घालायची. आणि ताई. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर तोंडातच अडकून बसायचं, मान ताणली जायची. त्यामुळे शाळेत कधी हात वर केला नाही तिनं.

पण आकडे तिचे होते. आईच्या शेजारी बसून कपड्यावरच्या बुट्ट्या मोजता मोजता तिनं स्वतःच रस्ते शोधले होते. मला शिकवायची ती घरात, हळू आवाजात, हिंदीत. "पहले बीस से कर. फिर तीन बार का न-निकाल दे." तेवीस विसे चारशे साठ. त्यातून एकोणसत्तर गेले. तीनशे एक्याण्णव. मी फक्त तोंड होते. त्या दिवशी ताई साहेबांच्या स्वयंपाकघरात कप विसळत होती.

मग ते सुरूच झालं. कुणी पाहुणे आले की साहेबांचा निरोप यायचा, "पोरीला घेऊन ये." मी जायची. वेणी घट्ट, फ्रॉक इस्त्रीचा. वर्ग, घन, तारखेवरून वार. गिफ्टेड चाइल्ड, साहेब सांगायचे. संस्थेतले ड्रायव्हर, माळी, सगळे मला तेच म्हणू लागले. आईनं मला भांड्यांना हात लावू देणं बंद केलं. दूध एकच पेला असायचं, ते मला. ताईनं कधी मागितलं नाही.

आणि मला ते आवडायला लागलं. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहिते. आवडायला लागलं.

अकरा वर्षांची असताना दिल्लीहून एक बाई आल्या होत्या. प्रेमळ होत्या. त्यांनी विचारलं, "घरी अभ्यास कोण घेतं तुझा?"

"कोणी नाही. माझं मलाच येतं."

"आणि बहीण?"

"ती बाकीच्यांसारखीच आहे."

साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. थोड्या वेळानं परत सुरू झाला.

तो नळ मला आजही ऐकू येतो. वर्गात शिकवताना, रिक्षात, भाजी निवडताना. मधेच पाणी थांबतं. मी वाट बघते. मग परत सुरू होतं.

ताई नेहमीसारखीच घरी आली. फक्त त्यानंतर मला शिकवलं नाही.

तेरा वर्षांची झाले. साहेबांनी एका मोठ्या इंग्रजी शाळेच्या विश्वस्तांना चहाला बोलावलं होतं. माझी फी माफ होणार होती. बाबा आठ दिवस त्याच गोष्टीत होते. मी उभी राहिले, आणि साहेब माझी ओळख करून द्यायला लागले.

"बाप पिंजरे धुतो. सहीपुरतं लिहितो. आई टाके घालते. थोरली बहीण तर मंद, धड बोलताही येत नाही तिला. आणि त्यातून ही! चिखलातलं कमळ म्हणतात ना, ते हे."

चिखल ट्रे घेऊन दाराशी उभा होता. चिखल आत कप विसळत होता.

आधी हे सगळं मी कितीदा ऐकलं असेल. शब्द वेगळे असतील, गोष्ट हीच. त्या दिवशी ते अंगात शिरलं. मला दिलेली प्रत्येक टाळी ह्या तिघांच्या तोंडात मारलेली होती. आणि दोन वर्षांपूर्वी एक चपराक मीसुद्धा मारली होती.

साहेबांनी प्रश्न घातला. त्यांचं वाक्य संपायच्या आत उत्तर माझ्याकडे होतं.

मी म्हणाले, "येत नाही."

"नीट विचार कर."

"येत नाही मला."

बाबा दारातून म्हणाले, "सांग ना बेटा." मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सांगितलं असतं.

साहेब विश्वस्तांकडे वळून हसले. "शेवटी..." म्हणाले, आणि वाक्य सोडून दिलं. ते पुरं करायची गरज नव्हती. खोलीतल्या प्रत्येकाला पुढचे शब्द पाठ होते.

परत येताना बाबांनी सायकल थांबवली.

"तुले येत होतं ना?"

"हो."

"मंग काहून नाही बोलली?"

"ते तुम्हाला चिखल म्हणाले."

बाबा सायकल पुन्हा ढकलायला लागले. "मले सवय हाये त्याची," ते म्हणाले. "तुले शाळा भेटत होती."

महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मी सरकारी शाळेतच राहिले. साहेबांचा निरोप परत आला नाही. ताई आदल्याच वर्षी दहावीला तोंडी परीक्षेत अडखळली होती, इंग्रजीत नापास झाली होती. पुन्हा बसली नाही. तिला आईबरोबर टाक्यांना बसवलं, एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. आता चौक भागात राहते. छापील कापड एकदा उलगडून सांगते, बुट्ट्या किती, धागा किती लागेल, किती दिवस. चुकत नाही. डोळे अधू झालेत तिचे.

मागच्या वर्षी मी तिच्याकडे गेले आणि सगळं बोलले. दिल्लीची बाई, मी दिलेलं उत्तर, सगळं. ती सुईत धागा ओवत होती.

"मैंने सुना था," ती म्हणाली.

मी रडायला लागले. माफी मागितली.

"म-माफ़ी मत माँग, यार. देने को मेरे पास कुछ नहीं है."

मग तिनं सुई माझ्याकडे दिली. धागा जात नव्हता. मी ओवून दिला. एवढंच.

मी आता एका खाजगी शाळेत गणित शिकवते. या जूनमध्ये प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं. चौथीच्या मुलांची चाचणी घ्यायची, वरची अकरा निवडायची, त्यांची 'विशेष प्रतिभा तुकडी' करायची. चांगले शिक्षक त्यांना. उरलेली मुलं दुसरीकडे. मॅडम कौतुकानं म्हणाल्या, "आप तो ख़ुद गिफ़्टेड थीं. आपसे बेहतर कौन चुनेगा?"

"मी निवडणार नाही," मी म्हणाले. मराठीत. मग हिंदीत सांगितलं. मग लिहून दिलं.

परवा 'कारणे दाखवा' नोटीस आली. मी उत्तर लिहिलंय. त्यात विनंती नाही, दिलगिरी नाही. लिहिलंय की ज्या यादीत अकरा नावं वर चढतात, तीच यादी बाकीच्या मुलांना लहानपणीच सांगते की तुम्ही कोणी नाही. असं एकदा माझ्या तोंडून वदवून घेतलं गेलं आहे. पुन्हा नाही.

सोमवारी मी वर्गात जाईन. चौथीतली सगळी मुलं एकत्र बसतील, बोलताना अडखळणारी एक मुलगी आहे, ती पहिल्या बाकावर. तिचं वाक्य पुरं होईपर्यंत वर्ग थांबेल. ज्यांना हे चालत नसेल त्यांनी मला काढावं. मी आपण होऊन जाणार नाही.