पुष्पाबाईंचे खडे

जळगावच्या एका डाळमिलमध्ये पुष्पाबाईंनी सव्वीस वर्षं तुरीच्या डाळीतले खडे निवडले. पुढे निवडायचं यंत्र आलं आणि बायका घरी बसल्या. निघताना मालकांनी, सगळ्यांत जास्त खडे काढणारी बाई म्हणून, पुष्पाबाईंना नाव कोरलेला स्टीलचा मोठा डबा दिला. धुळ्याला देवपुरात मुलीकडे राहायला आल्या, तेव्हा तो डबा मांडीवर घेऊनच त्या एसटीत बसल्या होत्या. मुलगी हेमांगी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. घरी कोणी आलं की ती आधी डबा दाखवायची, मग आई. "माझी नजर आईवर गेलीय," म्हणायची. पुष्पाबाई तेवढ्यात चहा टाकायला आत जायच्या.

ती नजर हेमांगीनं चंद्राला लावली होती. एक परदेशी यान चंद्रावर उतरता उतरता गप्प झालं होतं. कुठे पडलं, कोणाला पत्ता नाही. चंद्राभोवती फिरणाऱ्या दुसऱ्या एका यानानं वरून काढलेले फोटो मात्र सगळ्यांना बघायला खुले असतात. जगभरचे हौशी लोक त्यांत डोकं घालून बसतात, त्यांतली ही एक. रीत साधी. यान पडण्याआधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवायचा आणि आधी नसलेला ठिपका हुडकायचा. चार महिने खपून तिला एक मिळाला. पांढरा, मोहरीएवढा, मागे काळी सावली. आधीच्या फोटोत तिथे काहीच नव्हतं.

प्राचार्यांनी लगेच सोमवारी कार्यक्रम ठेवला, फलकही छापून आला. रविवारी दुपारी हेमांगीनं आईला लॅपटॉपसमोर बसवलं. तिला कौतुक ऐकायचं होतं, दुसरं काही नाही.

चंद्रातलं पुष्पाबाईंना ओ की ठो कळत नव्हतं. पण सुपात हात घालण्याआधी ऊन कुठून येतंय ते बघायची सवय हाडात मुरलेली. नंतरच्या फोटोत सावल्या एवढ्या लांब, मग आधीच्यात एकही कशी नाही, असं त्यांनी विचारलं. तो भर दुपारचा आहे, हेमांगी म्हणाली. पुष्पाबाई म्हणाल्या, बाराच्या उन्हात खडाही डाळीसारखाच दिसतो, कलत्या उन्हात तोच उठून दिसतो. यान पडण्याआधीचा, पण कलत्या उन्हातला फोटो नाही का?

आहे, पण अस्पष्ट आहे, त्याचं काही कामच नाही, असं म्हणत हेमांगी भराभर दुसरंच काही उघडायला लागली. पुष्पाबाईंनी तिचा चेहरा पाहिला. तो चेहरा ओळखीचा होता. मिलमध्ये रोज संध्याकाळी तो त्यांचा स्वतःचाच असायचा.

बोलावं तर डबा जाणार, मुलीच्या मनातली आई जाणार. गप्प बसावं तर आज ना उद्या दुसरा कोणी तो फोटो उघडणार आणि पोरीचं हसं होणार. पुष्पाबाईंनी पदर सावरला आणि सांगून टाकलं. मुकादम संध्याकाळी प्रत्येकीचे खडे वाटीत घालून बघायचा. वाटी भरली नाही तर बाई दिवसभर झोपा काढते असं धरून पुन्हा बसवायचा. मालच चांगला असला तर खडे आणायचे कुठून? मग बायका गिरणा नदीच्या काठचे बारीक खडे पदराच्या गाठीत बांधून न्यायच्या. सगळ्यांत मोठी गाठ पुष्पाबाईंची.

पुष्पाबाईंनी पडद्यावरच्या ठिपक्याजवळ बोट नेलं. "हाऊ खडा तुले सापडना, का तू घरथून लई उनी?" खरंच सापडला की घरूनच आणला, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

हेमांगीनं तो फोटो उघडला. अस्पष्ट होता खरा, पण एवढाही नाही. यान पडण्याच्या दोन वर्षं आधी तो ठिपका तिथेच होता, सावलीसकट. चंद्राचा स्वतःचा दगड. आठ दिवसांपूर्वी हा फोटो अर्धवट बघून आपणच बंद केला होता, हे तिनं आईला सांगितलं आणि ती रडली. मग प्राचार्यांना फोन लावला.

फोन ठेवल्यावर तिची नजर फळीवरच्या डब्याकडे गेली. "आणि डबा? तो कुठल्या खड्यांचा?"

"त्याच खडास्ना," पुष्पाबाई म्हणाल्या.

सोमवारचा कार्यक्रम झाला. दगडाला यान कसं समजलो, हे हेमांगीनं पोरांना दोन्ही फोटो लावून सांगितलं. घरी कोणी आलं की ती अजूनही आधी डबाच दाखवते, पण आता खड्यांची गोष्टही सांगते. पुष्पाबाई चहा टाकायला आत जात नाहीत. गाठ केवढी होती ते हातानं दाखवत बसतात.