सेन्सर बरोबर होता

१. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या आईने वाण म्हणून सांधेदुखीच्या चूर्णाच्या डब्या लुटल्या.
२. आमच्या शेजारच्या सुमनकाकूंना त्याने आराम पडला. डबी संपल्यावर त्यांनी आणखी मागवल्या.
३. काकूंना डायबिटीस आहे. त्यांची शुगर एकाएकी खूप वाढली.
४. सगळ्यांनी शुगर मोजणाऱ्या, दंडावरच्या सेन्सरला दोष दिला.
५. सेन्सर बरोबर होता.

इतकंच झालं. पण हे लिहू नकोस असं मला घरातूनच सांगितलंय... म्हणून नीट लिहिते.

आम्ही इकडे हिंदी मुलखात, हरिशंकरपुरममध्ये राहतो. शरीरावर लावायच्या छोट्या यंत्रांची टेस्टिंग हे माझं काम. केसाइतका बारीक भाग तापवायचा, गार करायचा, हलवायचा, पुन्हा पुन्हा... तो कधी आणि का मोडतो हे कळेपर्यंत. त्यानंतरच तो माणसाजवळ जातो.

काकूंना तो सेन्सर घ्यायला मीच सुचवलं होतं. त्यामुळे मोबाइलवर सारखा अलार्म वाजायला लागला तेव्हा मलाच बोलावणं आलं.

"तुझं मशीन पागल झालंय गं," काकू म्हणाल्या. "दही खाल्लं तरी बोंबलतं."

"झोपेत पण बोंबलतं," काका आतून म्हणाले. "मला वाटलं हीच आहे."

मी बोटातून रक्त काढून ग्लुकोमीटरवर तपासलं. आकडा जुळला. नवा सेन्सर लावला, दुसऱ्या दिवशी परत तपासलं... जुळला. मग यंत्र सोडून बाकी काय बदललंय, ते विचारलं. जेवण तेच, गोळ्या त्याच. नवीन काही?

"काही नाही... हां, तुझ्या आईचं चूर्ण तेवढं. पण ते तर जडीबूटी आहे. ते थोडंच नुकसान करणार?"

डबीवर हिंदीत 'शत प्रतिशत प्राकृतिक' आणि हिरवं पान. बॅच नंबर नाही, घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. दरवर्षी प्लास्टिकचे डबे काय द्यायचे, यंदा काही उपयोगाचं देऊ, म्हणून आईने ओळखीने इथल्या इंदरगंज बाजारातून मागवलं होतं. वाणात आलेली वस्तू कोणी उलटून बघत नाही... मीसुद्धा बघितली नव्हती.

मैत्रिणीच्या लॅबमध्ये तपासून घेतलं. चूर्णात स्टेरॉइड निघालं. दुखणं पटकन थांबतं ते त्याने, आणि शुगर चढते तीही त्यानेच.

आईला रिपोर्ट दाखवला. तिने तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "सुमनला मी सांगते. पण बायकांच्या ग्रुपवर टाकू नकोस. आमच्या घरच्या वाणाने बायका आजारी पडल्या, हे ऐकायचंय का मला?"

ती सांगायला गेली नाही. आठवडाभर वाट बघून मी गेले.

मला वाटलं होतं, काकू घाबरतील. निदान चिडतील. मी सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"परवा मी गोरखीच्या देवळात पायी गेले," त्या म्हणाल्या. "कितीतरी दिवसांनी. काकांचा हात न धरता... तुझं मशीन मला चालवणार आहे का?"

मी फक्त म्हटलं, डॉक्टरांकडे चला, मी येते सोबत. त्यांनी दंडावरचा सेन्सर उपटला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "रहने दे बेटा. हे तूच ठेव. चहा घेणार?"

मी चहा घेतला नाही.

या यंत्राबद्दल मला सगळ्यांनी विचारलं होतं. रेडिएशन असतं का, सुई आत राहते का, चुकलं तर जबाबदार कोण... चांगले प्रश्न आहेत, रोज ऑफिसमध्ये मी हेच विचारते. चूर्णाला त्यातला एकही प्रश्न कोणी विचारला नाही. ज्याने खरं सांगितलं ते काढून टाकलं, आणि डबी अजून काकूंच्या देवघराच्या फळीवर आहे.

काकांशी बोलले आहे. ते त्यांना डॉक्टरकडे न्यायचं बघताहेत. काकू सध्या माझ्याशी बोलत नाहीत. आईसुद्धा जेवणापुरतंच बोलते.

आता तुमच्याबद्दल. हळदीकुंकवाला आमच्याकडे कोण कोण आलं होतं, ते आई सांगायला तयार नाही. तुम्ही आला असाल आणि ते चूर्ण घेत असाल, तर मनाने एकदम बंदही करू नका. स्टेरॉइड अचानक सोडणं धोक्याचं असतं. डबी घेऊन डॉक्टरांकडे जा. रिपोर्टची कॉपी मी देते.

ज्यांना ही डबी मिळाली, किंवा ज्यांनी ती पुढे दुसऱ्या कोणाला दिली, त्यांनी मला मेसेज करा. चिडून लिहिलंत तरी चालेल... पण येत्या रविवारपर्यंत लिहा.