मुरलेला स्पंज

आमच्या नाटक कंपनीत कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ‘इस्त्री’ म्हणत. अर्थातच पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती फक्त त्यांच्या नवऱ्याची, आणि तोही विंगेतल्या अंधारात, दिवे चढवायच्या-उतरवायच्या डिमरच्या खोक्याआड बसून म्हणायचा. तो आमचा लाईटवाला, साऱ्या कंपनीचा दादा. म्हणून त्या माझ्या वहिनी.

वहिनींच्या हाताखालून गेल्याशिवाय एक चिंधीही रंगमंचावर जात नसे. भिकाऱ्याची बंडी घ्या. ती आधी धुवायच्या, वाळवायच्या आणि मग चहाच्या पाण्याने तिच्यावर नव्याने डाग पाडायच्या. “डाग असावा, पण स्वच्छ असावा,” असं त्यांचं म्हणणं. त्या बंडीत मी वर्षानुवर्षं भीक मागितली. माझ्याइतका सुवासिक भिकारी रंगभूमीने पाहिला नसेल.

आता कंपनी नाही, बंडी नाही. दादाला अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. खिडकीजवळच्या खुर्चीत तो दिवसभर बसलेला असतो. डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखं फारसं काही नाही, वाट बघायची. वहिनींना या वाक्याचा भयंकर राग. “करण्यासारखं काही नाही म्हणजे काय? हातपाय काय शोभेला दिलेत?” डॉक्टर गेल्यावर त्यांनी घरातले सगळे पडदे काढून धुतले.

दादाला विरंगुळा म्हणून लेकीने काचेची टाकी आणून दिली आणि ती आपल्या संसाराला परत गेली. टाकीत एकच गोल्डफिश. पोट सुटलेला, तोंडाने सारखं काहीतरी पुटपुटणारा. वहिनींनी त्याचं नाव ठेवलं शेठ. टाकीवर छोटी ट्यूब, कोपऱ्यात काळ्या स्पंजचा फिल्टर, त्यातून बुडबुड्यांची माळ वर जायची. आणि कुणाकडेच न बघणारा दादा टाकीकडे मात्र बघायचा.

“माझ्याकडे बघत नाहीत,” वहिनी मला म्हणाल्या. “लेक फोनमधून हात हलवते, तिच्याकडे बघत नाहीत. शेठकडे बघतात. शेठ आहे तोवर हे आहेत, भावजी. मला कळतंय ते.”

यावर मी काय बोलणार? आयुष्यभर दुसऱ्याची वाक्यं पाठ केलेला माणूस मी. ऐनवेळी स्वतःचं एकही सुचत नाही.

एक दिवस गेलो तर टाकीतलं पाणी ताक झालेलं. शेठ वर येऊन तोंड वासत होता. वहिनी मोरीत बसून स्पंज घासत होत्या. शेजारी गरम पाण्याची बादली आणि साबणाचा फेस.

“परवाच धुतला ना?”

“परवा धुतला, काल धुतला, आज धुतेय. जितका धुवावा तितकं पाणी गढूळ. काळा रंग म्हणून मळ दिसत नाही असं लोकांना वाटतं. मला काळ्यावरचा मळ आधी दिसतो. तुमच्या सगळ्या खलनायकांचे कोट कुणी धुतले?”

त्यांनी नळाखाली स्पंज खळखळून धुतला, मुरगाळला, नाकाशी धरला. वास येईना तेव्हा कुठे दोरीवर चिमटे लावून उन्हात टांगला. तो वाळेपर्यंत टाकीत बुडबुडे नव्हते. दादाची मान छातीवर कलली होती.

दुसऱ्या दिवशी शेठ एका कुशीवर कलून पोहायला लागला. मग मीच जाऊन टँकवाल्याला घेऊन आलो. नाक्यावर त्याचं माशांच्या टाक्यांचं दुकान आहे, लेकीने टाकी तिथूनच आणलेली. माणूस अघळपघळ, शर्टाचं एक बटण कायम गायब. दारातून शिरताच वहिनींची नजर त्या बटणावर गेली, आणि त्याची दोरीवरच्या स्पंजवर.

“आजी, हा स्पंज आहे की मोजा?”

“स्वच्छ ठेवा म्हणून तूच सांगितलंस ना?”

“स्वच्छ म्हटलं हो, पण इतकं?” तो मटकन स्टुलावर बसला. “त्याच्यात बारीक जीव राहतात, डोळ्यांना न दिसणारे. माशाच्या घाणीचं विष तेच पचवतात. नळाच्या औषधाच्या पाण्याने अर्धे मेले, साबणाने उरलेले. आता याची घाण यालाच बाधतेय. स्पंज मुरावा लागतो, आजी. मुरलेला स्पंज हवा.”

मुरलेला नट म्हणतात तो मीच, असा माझा जुना समज आहे. मी उगाच ताठ बसलो. कुणाचं लक्ष नव्हतं.

टँकवाला दुकानात जाऊन पिशवीभर पाण्यात स्वतःच्या टाकीतला एक स्पंज घेऊन आला. तपकिरी, बुळबुळीत. हा लगेच टाकीत बसवा, म्हणाला. वहिनींनी हात मागे घेतला. परक्याचा मळ, आणि आपल्या घरात!

“आणि पुढे कधी बुडबुडे मंदावले, की मग असं करायचं.” त्याने दोरीवरचा तो धुतलेला स्पंजच हातात घेऊन दाखवलं. “आधी पंप बंद. टाकीतलंच थोडं पाणी बादलीत काढायचं. स्पंज पाण्यातच पिशवीत घालून बाहेर काढायचा, म्हणजे गाळ टाकीत सांडत नाही. बादलीतल्या पाण्यात थोडा दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. पाणी चहासारखं झालं की बास, परत टाकीत. धुवायचा नाही, नुसता पिळायचा.”

“आणि आत राहिलेलं?”

“ते राहू द्यायचं.”

“राहू द्यायचं,” वहिनी म्हणाल्या. एखादी शिवी उच्चारावी तसं.

शेवटी त्यांनी डोळे मिटून तो स्पंज टाकीत सोडला. मग पदराला हात पुसत विचारलं, “आता काय करू?”

“आता काही नाही. थोडं पाणी रोज बदला, रात्रभर उघडं ठेवून शिळवलेलं. खाणं बंद. आणि ट्यूब बंद ठेवा, घाबरलाय तो, अंधारात शांत राहील. बाकी वाट बघायची.”

डॉक्टरचंच वाक्य. वहिनींनी ट्यूब बंद केली.

टँकवाला गेला. आम्ही चहा घेत होतो, आणि मला दादाचा डावा हात दिसला. खुर्चीच्या हातावर अंगठा पुढे सरकत होता. हळूहळू, न थरथरता. टोकाला गेला की परत मागे, पुन्हा पुढे. मी तो अंगठा ओळखला. आयुष्यभर त्या अंगठ्याने मला अंधारातून उजेडात आणलं होतं. दादा डिमर चढवत होता, आणि दिवा लागत नव्हता.

“वहिनी, त्याला उजेड हवाय.”

त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं. “याला अंधार हवा, यांना उजेड. मी कुणाचं ऐकू, भावजी?”

त्या उठल्या आणि ट्रंकेतून विंगेच्या काळ्या कापडाचा एक तुकडा घेऊन आल्या. अर्ध्या टाकीवर तो नीट, एकही चुणी न ठेवता टाकला आणि उरलेल्या अर्ध्यावरची ट्यूब लावली. उजेडात बुडबुडे, काळ्या कापडामागे शेठ. दादाचा अंगठा थांबला. कापडाच्या कडेकडे तो टक लावून बघत राहिला. एन्ट्रीच्या आधी बघायचा, तसाच.

शेठची एन्ट्री झाली नाही. रात्रीत तो कापडामागेच गेला. वहिनींनी त्याला सकाळी, दादाला जाग यायच्या आत काढलं, आणि कापड होतं तसं परत टाकलं.

मी आजही जातो. कापड तिथेच आहे. दादा त्या कडेकडे बघत असतो. बुडबुडे मंदावले की वहिनी टाकीतलं पाणी बादलीत घेतात आणि स्पंज पिळतात. पाणी चहासारखं झालं की थांबतात. नळाकडे गेलेला हात मागे घेतात. स्पंज मुरलेला राहावा, त्यातले बारीक जीव उपाशी मरू नयेत म्हणून रिकाम्या टाकीत चिमूटभर खाणं टाकतात. टँकवाल्यानेच सांगितलंय तसं.

“नवा शेठ आणू या का?” मी एकदा विचारलं.

“आणला आणि यांनी ओळखलं, की हा तो नव्हे, तर?” वहिनी म्हणाल्या. त्यांनी बादलीत स्पंज एकदा दाबून सोडला. “आणि नाहीच ओळखलं, तर?”

मी बादली धरली. त्यांनी स्पंज परत टाकीत सोडला.